तारेला लांबी असते

नव्वदच्या दशकात नागपूरच्या गांधीबाग, महाल, इतवारी भागात केबल टीव्ही आला तो गच्च्यांवरून. या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबणारी काळी तार, मध्येच कुणासाठी काढलेला फाटा, आणि त्या घराने महिन्याचे पैसे बंद केले की फाट्याचं तोंड तसंच मोकळं. मग पुढच्या घरातल्या टीव्हीवर प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचंच फिकट जुळं उभं राहायचं. ‘भाऊ, डबल दिसून राहिलं’ अशी तक्रार गेली की जाणता केबलवाला टीव्हीकडे ढुंकूनही न बघता गच्चीवर चढायचा आणि मोकळ्या तोंडाला 75 ओहमचं टोपण लावायचा. जुळं गायब.

झालेलं असायचं ते असं. फाट्यात शिरलेला सिग्नल टोकापर्यंत गेला, तिथे त्याला जिरवून घेणारं काही नव्हतं, म्हणून तो आल्या वाटेने परतला आणि मूळ सिग्नलच्या मागून टीव्हीत पोचला. फाटा 50 मीटरचा असेल तर जाऊन-येऊन 100 मीटर, म्हणजे साधारण अर्धा मायक्रोसेकंद. पडद्यावरची एक आडवी रेघ काढायला तेव्हाचा टीव्ही 52 मायक्रोसेकंद घ्यायचा. या हिशेबाने 21 इंची टीव्हीवर जुळं सुमारे चार मिलीमीटर सरकलेलं दिसणार. पडद्याला पट्टी लावून गच्चीवरच्या तारेची लांबी घरबसल्या काढता आली असती.

तारेतून जाताना सिग्नलचं काय होतं आणि तो शाबूत कसा पोचवायचा, याची आज इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वतंत्र शाखा आहे: सिग्नल इंटिग्रिटी. हे नाव रूढ झालं ते मुख्यतः 1990 च्या दशकात. दुखणं मात्र तारायंत्राच्या काळचं आहे.

1858 मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली केबल पडली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे जायला 16 तास लागले. इकडे दिलेला टणक ठोका तिकडे पसरट, रेंगाळत निघायचा आणि पुढचा ठोका त्यातच मिसळायचा. केबलचे प्रमुख वीजतज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी उपाय काढला जोर वाढवण्याचा. सुमारे 2000 व्होल्ट लावले आणि आधीच कच्ची असलेली केबल काही आठवड्यांत मेली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, आधीपासून सांगत होते की केबल दुप्पट लांब केली तर विलंब चौपट होतो. जोर नको, हलका ठोका द्या आणि तो ओळखणारं यंत्र नाजूक करा, हा त्यांचा आग्रह.

मुंबईला समुद्रमार्गे तार आली ती या धड्यानंतर. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचं सर्वांत मोठं जहाज फेब्रुवारी 1870 मध्ये मुंबईहून केबल सोडत एडनला गेलं. उष्ण पाण्यातल्या या सफरीसाठी जहाजाला पांढरा रंग दिला होता, कारण तारेभोवतीचं गटापर्चाचं वेष्टन उन्हाने मऊ पडतं. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालून जोडली गेली. अशा लांब केबलींच्या टोकाला टॉमसन यांचा आरसा असायचा: चिमुकल्या चुंबकावर चिकटवलेला, प्रकाशाचा ठिपका डावी-उजवीकडे हलवणारा. नंतर त्यांचंच शाईने नागमोडी रेघ काढणारं यंत्र आलं. कारकून त्या रेघेचे उंचवटे वाचून अक्षरं लावायचे. टॉमसन यांची आणखी एक युक्ती होती: प्रत्येक ठोक्यापाठोपाठ एक छोटा उलटा ठोका द्यायचा, म्हणजे मागे रेंगाळलेली वीज पुसली जाते.

पुढचं गणित ऑलिव्हर हेविसाइड यांचं. हा माणूस तार कंपनीतली नोकरी सोडून घरी बसलेला, कानाने अधू, स्वभावाने तिरसट. 1880 च्या दशकात त्यांनी दाखवलं की तारेत ठरावीक प्रमाणात प्रेरकत्व वाढवलं तर आवाज विकृत न होता दूर जाईल. ब्रिटिश टपालखात्याच्या बड्या इंजिनियरांनी ते उडवून लावलं. अमेरिकेत प्युपिन यांनी 1900 मध्ये त्याच धर्तीवर प्रेरकत्व वाढवणाऱ्या वेटोळ्यांचं पेटंट मिळवलं आणि पैसा केला. टेलिफोन कंपन्यांनी अशी वेटोळी जगभर जमिनीत पुरली. पुढे त्याच तांब्याच्या जोडीवरून ब्रॉडबँड द्यायची वेळ आली तेव्हा शोधून शोधून काढली, कारण ती वरच्या फ्रिक्वेन्सी अडवतात.

एवढं सगळं माहीत असून संगणकवाले ते विसरले, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. सर्किट बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे 15 सेंटीमीटर जातो. जुनी चिप शून्यावरून एकावर चढायला 10 नॅनोसेकंद घ्यायची. तेवढ्यात सिग्नल दीड मीटर जातो. बोर्डावरची तांब्याची रेघ (ट्रेस) याच्या सहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे 25 सेंटीमीटरपेक्षा आखूड असेल तर परावर्तन चढणीतच विरून जातं. चढण एका नॅनोसेकंदावर आली की हीच मर्यादा अडीच सेंटीमीटर होते. सेमूर क्रे यांच्यासारख्या थोड्यांनाच हे आधी भोगावं लागलं. 1976 च्या त्यांच्या क्रे-1 यंत्रात चार फुटांहून लांब तार नव्हती, आणि सिग्नल वेळेवर पोचावेत म्हणून तारा मापात कापलेल्या होत्या.

बाकीच्यांना फटका बसला तो चोरपावलांनी. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा बोर्ड अचानक बिघडायचा. आराखडा तोच, घड्याळ तेच, चिपचा नंबरही तोच. फक्त कारखान्यात चिप आणखी बारीक झालेली, त्यामुळे चढण जलद झालेली. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांनी 1993 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हा उपशीर्षकात चक्क ‘ब्लॅक मॅजिक’ हे शब्द घातले. मला ते थट्टेपेक्षा कबुलीजबाब जास्त वाटतात. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी ट्रान्समिशन लाइन एका पेपरात आणि डिजिटल सर्किट दुसऱ्या पेपरात शिकवतात. दोन्हींत पास झालेल्या मुलाला ती एकाच बोर्डावर भेटतात ती थेट नोकरीत.

जुना मदरबोर्ड हातात घेऊन मेमरीच्या खाचेजवळ पाहा. सरळ जाता आलं असतं तिथे काही रेषा मुद्दाम नागमोडी वळवलेल्या दिसतील, आखूड रेषेची लांबी शेजारणीएवढी व्हावी म्हणून. पीसीआय एक्स्प्रेससारख्या वेगवान जोडणीत चिप सिग्नल पाठवतानाच तो उलट्या बाजूने किंचित बिघडवून पाठवते, तारेची विकृती आणि ही विकृती परस्पर फिटावी असा हिशेब. टॉमसन यांचा उलटा ठोकाच तो, सेकंदाला अब्जावधी वेळा.

डीडीआर5 मेमरीत तर नुसत्या नागमोडी रेषांनी भागत नाही. नवी मशीन पहिल्यांदा सुरू केली की प्रोसेसर एकेका तारेवरचा उशीर मोजतो आणि त्याप्रमाणे वेळा जुळवतो. यात कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, दुकानातला नवखा पोरगा घाबरून बटण दाबून मशीन बंद करतो, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.