लोणारचे विवर

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर म्हणजे उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले विवर. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली, तरी पुढे कित्येक दशके अनेक अभ्यासक ते ज्वालामुखीचेच मुख मानत राहिले. प्रचंड आघातानेच तयार होणारी मास्केलिनाइट ही काच इथल्या खडकात सापडली आणि उल्कापाताची बाजू भक्कम झाली. चंद्र आणि मंगळ यांवरही बेसाल्टचे विस्तीर्ण प्रदेश आहेत. पृथ्वीवर मात्र या खडकातली आघातविवरे विरळा. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे संशोधकही विदर्भातल्या या गावाची वाट धरतात. आपल्या अंगणातले असे नवल आपणच किती कमी पाहतो!

काठावरून गोड्या पाण्याची धार अखंड पडते, तर तळाचे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी. जून २०२० मध्ये पाणी आटले, क्षारता वाढली आणि मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे अवघे सरोवर गुलाबी झाले. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. काठावरच्या झाडीत जुनी देवळे आहेत आणि गावातले दैत्यसूदन मंदिर शिल्पांनी भरलेले आहे; लवणासुराच्या वधाची कथा तिथे आजही सांगितली जाते.

लोणारला जाणाऱ्याने केवळ काठावरून माघारी फिरू नये. वनखात्याचे नियम पाळून, कचरा न टाकता, तळापर्यंत उतरावे.