सरकी पुढे, रुई मागे

तीन वर्षांच्या मुलाला विज्ञान दाखवायचं तर मोठ्या माणसाने आधी जमिनीवर बसावं आणि बोलणं कमी करावं. नात आणि शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा यांना घेऊन नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात गेले होते. तिथे दोघं सगळ्यात जास्त रमली ती वाकड्या आरशांपुढे. पुढे सरकलं की पोट फुगतं, मागे गेलं की मान लांबते. अंतर्वक्र, बहिर्वक्र या शब्दांचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आपण हललो की आरशातलं माणूस बदलतं, एवढा शोध त्यांनी स्वतःच लावला आणि तो पुन्हा पुन्हा तपासून पाहिला. १९९२ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आमच्या सेवाग्रामपासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. शाळकरी मुलाला तिथे दिवस पुरत नाही. या वयाला मात्र एकच गोष्ट तासभर करायची असते, आणि त्यासाठी मला आमची ओसरी जास्त सोयीची वाटते.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटीवर बोंडं फुटू लागतात आणि ओंजळभर कापूस कुणाकडेही मिळतो. सोबत सलाई-पटरी लागते. पटरी म्हणजे गुळगुळीत लाकडी फळी आणि सलाई म्हणजे गोल लोखंडी सळई. फळीवर सरकीसकट कापूस ठेवायचा, त्यावर सळई ठेवून तळव्यांनी दाब देत पुढे लाटायची. तंतू सळईखाली दबून मागे येतात. सरकी जाड, तिला खालून वाट नसते, म्हणून ती पुढे ढकलली जाते आणि टपकन सुटते. यंत्र एवढंच. रुई आणि सरकी वेगळी करायचं तत्त्व त्यात उघडं दिसतं, कुठलाही भाग झाकलेला नाही.

नातीने आधी सळई नुसतीच फिरवली. कापूस सळईला गुंडाळला गेला. तो सोडवण्यात तिचा बराच वेळ गेला आणि मी हात लावला नाही. मग तिने अंगाचा भार तळव्यांवर टाकला आणि एक सरकी उडाली. “पाय आजी, पळाली!” शेजारचा मुलगा सरकीच्या मागे धावला आणि पुढचा सगळा वेळ तो सरक्या गोळा करत राहिला. त्याला लाटण्यात रस नव्हता. सरकीवर उरलेली बारीक लव नखाने खरवडून निघते का, हे तो पाहत होता. निघत नव्हती. “काऊन निघत नाही?” असं त्याने मला नव्हे, सरकीलाच विचारलं.

सरकी नाकात किंवा तोंडात जाऊ शकते, म्हणून शेजारून उठता येत नाही. डोळा ठेवायचा, हात मात्र आवरायचा.

या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की बरोबर की चूक, हे सांगायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही. रुईत सरकी राहिली असेल तर बोटाला ती लागते. दाब कमी पडला तर सळई नुसती घसरते. दाब देणारा हातच निकालही अनुभवतो. साधनानेच मुलाला त्याची चूक दाखवावी, हा मारिया माँटेसोरींचा आग्रह होता. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला गांधीजी त्यांना भेटले होते आणि त्यांच्या प्रशिक्षण संस्थेत बोललेही होते. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला आणि हस्तकामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम आकाराला आली. सुरुवातीला ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या संमेलनात तिचा पट जन्मापासून म्हातारपणापर्यंत रुंद झाला आणि सातच्या आतल्या मुलांचा पूर्व-बुनियादी टप्पा तिच्यात आला. सेवाग्राममध्ये शांता नारुळकरांनी या लहानग्यांचं काम उभं केलं. तिथे नई तालीमचं काम चालवणाऱ्या आशादेवी आणि आर्यनायकम यांच्याइतकं त्यांचं नाव घेतलं जात नाही, ते घेतलं जायला हवं.

एका बाबतीत माझं मत ठाम आहे. नई तालीमच्या शाळांत मोठ्या मुलांनी किती सूत काढलं याचा हिशेब त्या काळी ठेवला जाई आणि त्यावर वादही झाले. तीन वर्षांच्या मुलाच्या कामाला तो हिशेब लावूच नये. त्याची रुई सूत काढायच्या उपयोगाची नसते. ती पुन्हा बोटांनी विंचरावी लागते, तरी काही बिघडत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीतलं मगन संग्रहालय गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी खुलं केलं. या दोघांना तिथे नेलं, तेव्हा चरख्यांपुढे मुलं उकिडवी बसली आणि खालून वाकून पाहू लागली. मोठी माणसं समोरून पाहतात, पाटी वाचतात. या दोघांची नजर मात्र माळेच्या दोरीवरून चाकाकडून चातीच्या बारीक सळईकडे आणि परत चाकाकडे गेली.

घरी आल्यावर नातीला माझा पेटी चरखा हवा होता. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्याच्यावर मेहनत घेतली, तोच हा आटोपशीर, पेटीत मावणारा चरखा. तिने मूठ धरून मोठं चाक हळूच फिरवलं आणि चाती इतकी भरभर फिरली की तिची नुसती रेघ दिसू लागली. “मोठं हळू, छोटं जोरात,” ती म्हणाली. मग तिने उलट करून पाहिलं. चाती बोटाने कितीतरी वेळा फिरवली, तेव्हा मोठं चाक जेमतेम सरकलं. चाकांच्या घेरांचं गुणोत्तर तिला शाळेत यथावकाश भेटेल.

मग मी पेळू घेऊन सूत काढू लागले आणि धागा तुटला. तिचा चेहरा पडला. तुटलेलं टोक मी पेळूच्या मोकळ्या तंतूंवर टेकवलं आणि चाक फिरवलं. पीळ पुढे सरकत तंतूंमध्ये शिरला, तंतू एकमेकांना आवळत गेले आणि सूत पुन्हा सलग झालं. गाठ नाही, डिंक नाही. तिने जोडावर बोट फिरवलं, जोड कुठे आहे ते तिला सापडेना. तिने धागा ताणला, तो टिकला. आणखी ताणला, तेव्हा दुसरीकडेच तुटला. तेवढ्यात शेजारचा मुलगाही सरक्या सोडून जवळ आला आणि दोघांनी मिळून मला कामाला लावलं. “आजी, आणखीन तोड. आता मी जोडतो.”