शंकरपटाचा जुना शौकीन
शर्यत आणि रयत : लेखांक सहावा

शंकरपटावरील बंदीची कायदेशीर हकिकत गेल्या लेखांकात विस्ताराने आली आहे, तेव्हा ती येथे तारखांपुरतीच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींनाही मनाई केली. 2017 साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून वाट काढली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे ती वाट कागदावरच राहिली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींस परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. साडेसात वर्षे ज्यांचा जीव या परवानगीकडे लागून राहिला होता, त्यांच्या आनंदास पारावार उरला नसेल तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील वणी, मारेगाव, झरी या पट्ट्यात थोडे फिरून, पारावर बसून चौकशी केली, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते, ती अशी की पट पुन्हा सुरू झाला, गर्दीही लोटू लागली, आणि त्या गर्दीत जो हटकून असावा असा साठी उलटलेला जाणकार कास्तकार मात्र बहुधा घरीच बसून आहे. त्याला कोणी अडविलेले नाही. त्याचे मन उडाले आहे. ते का उडाले, एवढाच आजचा विषय.

पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी प्रथम थोडा खुलासा. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतील घाटांत बैलांच्या पुढे घोडी धावते आणि गाडा चढावर जातो. विदर्भातला शंकरपट निराळा. येथे मैदान सपाट, धावपट्ट्या समांतर, प्रत्येक पट्टीवर एक जोडी, आणि जोडीच्या मागे इतका हलका छकडा की दोन माणसांनी सहज उचलून बाजूस ठेवावा. त्यावर एकटा धुरकरी, तोही बसलेला कमी आणि ओणवा झालेला अधिक. सुगी आटोपली, कापूस बाजारात गेला, हातात चार पैसे खुळखुळू लागले की हिवाळ्यात पटांचे दिवस येतात. पूर्व विदर्भात रात्री झाडीपट्टीचे नाटक आणि दिवसा पट अशी सांगडच आहे, तर अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाचा लौकिक सगळ्या वऱ्हाडात आहे. वणीस तर रंगनाथस्वामींच्या जत्रेचा बैलबाजार घरचाच. सबंध जिल्ह्यास 1905 पर्यंत वणीच्याच नावाने, वूण जिल्हा म्हणून, ओळखीत, आणि त्या जिल्ह्याचे सारे वैभव काळ्या जमिनीवर व ती कसणाऱ्या बैलावर उभे होते.

बंदीच्या पूर्वीपासून पट पाहत आलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थास मी विचारले, की दादा, आता पट उघडला, मग जात का नाही? त्याने उत्तर दिले ते असे : "काय पाहू बाप्पा? ते बैल कोनाचे, कोन्या गावचे, वखर तरी ओढते का त्यायले?" या उत्तरात तक्रार गाडीभर आणि शब्द ओंजळभर आहेत, परंतु रोगाचे निदान मला त्यात पुरते सापडते. ते उलगडून दाखविण्याकरिता वाचकांस फार दूर, अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत, न्यावे लागेल. कारण हाच रोग तेथे मोटारींच्या शर्यतीस जडला आणि त्याची लक्षणे तेथे अधिक स्पष्टपणे पाहता येतात.

त्या देशात 'स्टॉक कार' नावाची शर्यत आहे. दुकानातून कोणीही विकत घ्यावी अशी, गिऱ्हाइकाच्या घरासमोर उभी असते तीच मोटार शर्यतीत धावावी, ही या खेळाची मूळ कल्पना. बिल फ्रान्स नावाच्या खटपट्या माणसाने 1948 साली 'नॅसकार' ही संस्था काढली आणि 19 जून 1949 रोजी शार्लट येथे जशीच्या तशी मोटार असण्याची सक्ती असलेली पहिली शर्यत भरविली. त्या दिवशी ग्लेन डनअवे हा पहिला आला, पण तपासनिसांनी मोटारीखाली डोकावून पाहिले तेव्हा मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. चोरटी दारू वाहणारे लोक ओझ्याने मोटार दबू नये म्हणून असे बदल करीत, आणि ही मोटारही त्याच धंद्यातली होती. डनअवेचा नंबर रद्द झाला व कॅन्सासहून लिंकन मोटार घेऊन आलेल्या जिम रोपरच्या गळ्यात माळ पडली. पट पाहणाऱ्या कोणाही वैदर्भीयास ही हकिकत ऐकून परकेपणा वाटू नये. जिंकलेल्या जोडीविरुद्ध हरकत घेणे, पंचांनी मैदानात येऊन तपासणी करणे आणि निकाल फिरला की गावभर पंधरा दिवस त्याचीच चर्चा होणे, हा दोन्हीकडचा सारखाच व्यवहार आहे.

पुढे काय झाले? वेगाच्या हव्यासाने मोटार आतून बदलत गेली. प्रथम सांगाडा निराळा झाला, मग यंत्र निराळे झाले, आणि शेवटी दुकानातील मोटारीशी तिचे नाते केवळ नावापुरते व तोंडावर रंगविलेल्या दिव्यांपुरते उरले. 1970 साली प्लिमथ कंपनीस आपली पंख लावलेली 'सुपरबर्ड' शर्यतीत उतरविण्याकरिता तशाच मोटारी सामान्य गिऱ्हाइकास विकाव्या लागल्या, म्हणजे तोवर निदान ही लाज शिल्लक होती. 2007 साली सर्व कंपन्यांसाठी जवळपास एकाच साच्याची मोटार आली. 2022 साली जी नवी पिढी आली तिचे बहुतेक महत्त्वाचे भाग ठरवून दिलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. आजची टोयोटाची कॅमरी दुकानात संकरित इंजिनाची मिळते, शर्यतीतली कॅमरी मात्र आठ सिलिंडरांची व मागच्या चाकांवर चालणारी. शेवरलेची कॅमॅरो तर 2024 च्या मॉडेलानंतर बाजारातूनच उठली, आणि तरीही तिचे नाव शर्यतीत धावत राहिले.

मोटार अशी बदलत असतानाच कारभाऱ्यांनी नवा प्रेक्षक मिळविण्याच्या नादात जुन्याची मर्जी सांभाळणे सोडले. नॉर्थ विल्क्सबरोचे जुने मैदान 1996 नंतर, तर रॉकिंगहॅमचे 2004 नंतर वेळापत्रकातून गळाले. डार्लिंगटनची कामगार दिनाच्या सुट्टीतली पिढीजात शर्यत हलविली गेली आणि 2015 सालीच पुन्हा जाग्यावर आली. 2004 पासून अजिंक्यपदाची पद्धत बदलली, 2017 पासून एकेका शर्यतीचे टप्पे पाडले गेले. मध्यंतरी 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना येथे डेल अर्नहार्ट हा लाडका सारथी शेवटच्या फेरीत अपघातात मरण पावला होता, आणि त्याची जागा कोणास भरून काढता आली नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. डेटोनाची मोठी शर्यत दूरचित्रवाणीवर 2006 साली सुमारे 1 कोटी 94 लाख लोकांनी पाहिली, तीच 2023 साली 82 लाखांच्या आतबाहेर होती. 2016 च्या नूतनीकरणात त्या मैदानावरील आसने दीड लाखाच्या घरातून एक लाखाच्या घरात आणली गेली, यावरून काय ते समजावे.

या घसरणीची कारणमीमांसा तिकडचे पंडित नाना प्रकारे करतात, पण जुना शौकीन या शर्यतीवर जीव टाकी तो वेगासाठी नव्हे, असे माझे मत आहे. निव्वळ वेगच पाहावयाचा तर युरोपातल्या शर्यती त्याहून वेगवान आहेत. त्याला गोडी होती ती आपल्या दारातील वस्तूचा पराक्रम पाहण्याची. रविवारी जी मोटार जिंकली तीच सोमवारी दुकानात विकली जाते, असे तिकडचे व्यापारी म्हणत, आणि त्यात जितका व्यापार होता तितकीच आप्तभावनाही होती. ही दारातली वस्तू शर्यतीतून नाहीशी झाली, तेव्हा शौकिनाचा आप्तपणा संपला, आणि उरला तो तमासगीर. तमासगीर आज येतो व उद्या दुसऱ्या तमाशास जातो.

आता वणीकडे परत येऊ. पटाचा बैल मुळात वखराचाच होता. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ जात ही चपळ चालीची. मराठ्यांच्या फौजेचे सामान वेगाने वाहून नेण्यासाठी तिचा उपयोग होई अशी तिची ख्याती आहे. उन्हाळ्यात वखरणी, पावसाळ्यात कपाशीच्या ओळींतून डवरणी, सुगीत कापसाची गाडी, आणि थंडीत हौस म्हणून पट, असा त्या जोडीचा वर्षक्रम असे. कोठ्यातल्या त्या जनावरास सरकीची ढेप जरा अधिक घातली, धुरकरी पोराने पहाटे दोन फेऱ्या मारून आणल्या, की झाली तयारी. जोडी हरली तरी मृगाला ती नांगराला लागणारच होती, म्हणून हार कोणाला फार झोंबत नसे. आणि पाहणाऱ्या हजारोंच्या घरी तशाच जोड्या असल्यामुळे, डावा बैल उजव्याला का ओढतो, जू कोणाच्या मानेवर कलले आहे, कासरा केव्हा सोडायला हवा होता, हे प्रत्येकाला स्वतःच्या मनगटात जाणवे.

ती जोडीच आता कोठ्यात नाही. ट्रॅक्टर आला, त्यामागून तणनाशक आले आणि डवरणीची गरज निम्मी झाली. वर्षभर राबणारा सालदार मिळेनासा झाला. वणीच्या बाबतीत याला कोळशाची जोड मिळाली. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर, 1975 पासून वेस्टर्न कोलफील्ड्सच्या अमलाखाली उकणी, निलजई, मुंगोली येथे उघड्या खाणी झाल्या, आणि जमीन संपादन झालेल्या गावांत मोबदल्याची रक्कम आली तसे वखर गेले, गायरान गेले, कुटाराच्या गंज्या गेल्या. मुलगा खाणीत कामास, बाप घरी, कोठ्यात मोटारसायकल. ही केवळ वणीची कथा नव्हे. 2012 व 2019 च्या पशुगणनांमध्ये देशातील नर गोवंशाची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटलेली आढळते. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. त्या कायद्याच्या युक्तायुक्ततेत मी येथे शिरत नाही, पण थकलेला बैल विकता येत नाही म्हटल्यावर नवा घेताना लहान कास्तकाराचा हात आखडतो, एवढे नमूद करणे प्राप्त आहे.

त्यातच बंदीची साडेसात वर्षे आली. मनुष्याच्या आयुष्यात हा काळ थोडका वाटेल, बैलाच्या आयुष्यात ती एक सबंध पिढी आहे. 2014 साली जो गोऱ्हा दोन दाती होता तो 2021 साली म्हातारपणाकडे झुकलेला होता. त्याने पट पाहिलाच नाही. त्याला शिकविणारे हातही दरम्यान सैल पडले. बंदी उठली तेव्हा मैदान भरविण्याइतक्या जोड्या ज्यांच्याजवळ होत्या ते लोक निराळे होते. एका जोडीमागे लाखांत खर्च करणारे, ती टेम्पोत घालून जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरविणारे, आणि तिला जमीन कधीच न दाखविणारे. बक्षिसे वाढत वाढत ट्रॅक्टर व चारचाकी गाड्यांपर्यंत पोहोचली. ज्या ट्रॅक्टरने बैलास शेतातून घालविले तोच बैलास बक्षीस मिळावा, यातील विनोद आयोजकांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

येथे जुन्या शौकिनांच्या प्रत्येक तक्रारीस मी मान डोलावतो, असे मात्र कोणी समजू नये. नव्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्याचा दाखला आणि एक किलोमीटरची मर्यादा घालून दिली. काठी, आर लावलेली पराणी व विजेचे झटके देणारी यंत्रे यांस मज्जाव केला. "आरेशिवाय पटाला रंग नाही" असे कुरकुरणारे म्हातारे मला भेटले आहेत, आणि त्यांच्या या रंगात जनावराचे रक्त मिसळलेले होते हे त्यांना तोंडावर सांगावे लागते. घड्याळाची गोष्ट वेगळी. पूर्वी झेंडी पडली की एक पंच हातातले थांबते घड्याळ दाबी, आणि त्याचा अंगठा क्षणभर उशिरा पडला की तंटा उभा राही. आता किरणयंत्र सेकंदाचा शतांश दाखविते व तंट्यास जागाच ठेवत नाही. न्याय वाढला हे निःसंशय. पण त्या तंट्यात ज्याची साक्ष काढली जाई, ज्याला "काका, तुम्ही सांगा" म्हणून पुढे ओढीत, त्या जाणत्याचे काम संपले. कर्णा लावून अखंड बडबडणाऱ्या निवेदकास त्याच्या मताची गरज नाही.

अमेरिकेतील कारभाऱ्यांस उशिरा का होईना शहाणपण सुचले आणि 2023 साली नॉर्थ विल्क्सबरोच्या पडीक मैदानाची डागडुजी करून तेथे पुन्हा शर्यत भरविली गेली. लोक आले, जुन्या भिंतींना हात लावून गेले. मोटार मात्र नवीच होती. आपल्याकडे याहून सोपा उपाय हाताशी आहे. काही पटांत सर्वसाधारण गटाबरोबर गावच्या किंवा तालुक्याच्या जोड्यांचा निराळा गट ठेवतात, बक्षीस लहान, गडबड फार. हा गट नीट चालवावयाचा तर जोडी खरोखर शेतात राबते की नाही हे ठरवावे लागेल, आणि त्यासाठी सरकारी दप्तराचा उपयोग शून्य. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, बैलाने किती एकर वखरले याचा रकाना त्यात नाही. परंतु पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यावर हळद-लोणी चोळून खांदशेकणी करतात तो बैलाचा खांदा ही त्याहून भरवशाची नोंद आहे. वर्षभर जू वाहिलेल्या मानेवर कातडी जाड व राठ होऊन घट्टा पडतो, तर छकड्यापुरत्या जुंपलेल्या बैलाची मान मऊसूत राहते. हा फरक शहरातल्या परीक्षकास दिसणार नाही, तो हात फिरवून कळतो, आणि असा हात असलेली माणसे वणी तालुक्यात अजून पुष्कळ आहेत. आयोजकांनी त्यांना घरी जाऊन बोलावणे करावे, गावगटाच्या नोंदणीच्या टेबलाशी खुर्ची द्यावी आणि घट्टा नसेल ती जोडी परत पाठविण्याचा अधिकार लेखी द्यावा. पहिल्याच दिवशी भांडण होईल, हे मी आताच सांगून ठेवतो.