हातातली काडी आणि बदललेली पाळी

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवार, बाजाराचा दिवस, त्यामुळे दवाखान्यात गर्दी होती. सव्वीस वर्षांची एक सून, कडेवर नऊ महिन्यांचे मूल आणि सोबत सासूबाई. बोलायला सुरुवात सासूबाईंनीच केली. "डॉक्टर, हिच्या हातात सरकारी दवाखान्यात काडी बसवलीय. तेव्हापासून हिचं काही खरं नाही. बारा दिवस झाले, अंगावरून थोडं थोडं जातंच आहे. देवघरात जाता येत नाही, चुलीला हात लावता येत नाही. ती काडी आत्ताच्या आत्ता काढून टाका."

सून खाली मान घालून बसली होती. सिस्टरांना बरोबर घेऊन तिला तपासायला आत नेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काढू नका, डॉक्टर. दोन्ही वेळा माझं सिझर झालंय. आता लगेच तिसरं नको. फक्त हे रक्त कशाचं जातंय, एवढं सांगा."

तिच्या या प्रश्नाचे उत्तर आज सर्वच भगिनींसाठी, आणि त्यांच्या सासूबाईंसाठी व यजमानांसाठीही, देत आहे.

काडी म्हणजे काय?

बायका जिला काडी म्हणतात ते गर्भनिरोधक इम्प्लांट होय. सुमारे चार सेंटिमीटर लांब, आगकाडीएवढी, लवचिक अशी ही कांडी दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात. तेवढी जागा बधिर करून काही मिनिटांत हे काम होते. आपल्या देशाच्या सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०२३ पासून निवडक राज्यांतील निवडक जिल्ह्यांत ती टप्प्याटप्प्याने आणली गेली आहे. कांडीत ६८ मिलिग्रॅम एटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक असते. ते रोज अगदी थोडे थोडे रक्तात उतरते आणि तीन वर्षे काम करते. त्यामुळे अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. वर्षभरात हजार स्त्रियांपैकी एखादीलाच दिवस जातात. गोळी विसरण्याची भीती नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते, दुधावर परिणाम होत नाही.

मग पाळी का बिघडते?

खरे म्हणजे पाळी बिघडत नाही, ती बदलते. एरवी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाचे आतले अस्तर वाढवते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ते अस्तर पक्के करते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके एकदम उतरतात आणि सगळे अस्तर एकाच वेळी गळून पडते. तीच आपली पाळी.

काडीमध्ये इस्ट्रोजेन नसते. प्रोजेस्टेरॉनसारखे औषध मात्र रोज सारखेच झिरपत राहते. चढ नाही, उतार नाही, त्यामुळे सगळे अस्तर एकदम गळण्याची वेळ येत नाही. अस्तर पातळ राहते आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. पातळ लिंपलेल्या भिंतीचा पोपडा कधी इथे सुटतो, कधी तिथे. तसेच हे अस्तर मधूनच कुठेतरी सुटते आणि डाग पडतात. हे जखमेचे रक्त नव्हे आणि काडी 'अंगात उलटली' असेही नव्हे.

या बदलाचे चार प्रकार दिसतात. काहींची पाळी पूर्ण थांबते. काहींना दोन-तीन महिन्यांतून एखादे वेळी येते. काहींना वरचेवर डाग पडतात, आणि काहींचे एकदा सुरू झाले की दहा-पंधरा दिवस चालते. ११ चाचण्यांतील ९२३ स्त्रियांच्या नोंदींचा एकत्र अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून हिशेब मांडला तर कोणत्याही तीन महिन्यांत शंभरातल्या सुमारे २२ जणींना अजिबात रक्तस्राव झाला नाही आणि सुमारे ३४ जणींना एक-दोनदाच झाला. सुमारे १८ जणींना सलग १४ दिवसांहून जास्त काळ गेले, तर सुमारे ७ जणींना पाचापेक्षा जास्त वेळा आले. म्हणजे बहुतेकींचे जाणे एकंदरीत कमीच होते, फक्त तारखेचा भरवसा राहत नाही. ज्यांना पाळीत पोट दुखण्याचा त्रास होता, अशा बहुतेकींचा तो त्रास थांबला, हेही त्यात दिसले.

पहिले तीन महिने महत्त्वाचे. त्या काळात ज्यांना फारसा त्रास होत नाही, त्यांचे पुढेही बहुधा ठीक चालते. सुरुवातीला त्रास झालेल्यांपैकीही निम्म्याजणींचा पुढे कमी होतो. उरलेल्यांचा होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्या अभ्यासातल्या शंभरातल्या सुमारे ११ जणींनी याच कारणाने काडी काढून घेतली.

"रक्त आत साठत तर नाही ना?"

पाळी थांबलेल्या बायकांचा हा नेहमीचा प्रश्न. दर महिन्याला घाण बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर ती डोक्यात चढते, अंगावर सूज येते, गाठ होते, अशी समजूत घरोघरी आहे. अस्तर वाढलेच नाही तर गळणार काय? शेतात पेरलेच नाही तर कापणी कशाची? आत काही साठत नाही. काडी काढल्यावर बहुतेकींचे बीज महिन्याभरातच पुन्हा सुटू लागते. कायमचे वांझपण येत नाही.

माझीच एक चूक सांगतो. २०१८ साली एका बाईला मी सरकारी केंद्रात मिळणारे तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन घेण्याचा सल्ला दिला. त्यानेही पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे सांगायचे मी गर्दीच्या घाईत राहून गेलो. तिची पाळी थांबली. शेजारणीने सांगितले, रक्त आत कुजते. पुढच्या तारखेला ती इंजेक्शनला गेली नाही आणि कुणाला विचारलेही नाही. सव्वा वर्षाने माझ्याकडे आली तेव्हा चार महिने झाले होते. अंगात रक्त कमी, घरात आधीच तीन मुली. ते बाळंतपण तिला फार जड गेले. औषधाने आपले काम चोख केले होते. दोन वाक्ये सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाहीत.

काय करावे?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. पॅड किंवा कापड लागले तर फुली, नुसता डाग असेल तर टिंब. तीन महिन्यांचे असे कॅलेंडर डॉक्टरांना शंभर प्रश्नांची उत्तरे देते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये आणि सांगितल्या असतील त्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. त्रास जास्त असेल तर थोड्या दिवसांच्या औषधाने रक्तस्राव आटोक्यात आणता येतो. मात्र औषध थांबल्यावर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. सणासुदीला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या तर मुळीच नकोत. रक्तदाब असलेल्या किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेल्या बाईला काही गोळ्या घातक ठरतात.

काडी बसवण्याआधीच डॉक्टरांना सांगावे असेही काही आहे. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, यकृताचा मोठा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर काडी बसवत नाहीत. क्षयावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे काडीचा जोर कमी करतात. ती घेत असाल तर दुसरे साधन विचारा. आणि काडीने एड्स किंवा गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तासाला एक पॅड भिजते आहे आणि असे दोन तास चालले आहे. चक्कर येते, धाप लागते. ओटीपोटात जोराचे दुखते. संबंधानंतर रक्त जाते, किंवा घाण वास येणारे पाणी जाते. उलट्या, मळमळ होऊन दिवस गेल्याची शंका येते. दंड लाल होऊन पू येतो, किंवा काडी बोटाला लागेनाशी होते. यांपैकी काहीही झाले तर 'काडीमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. पिशवीच्या तोंडाचा आजार, जंतुसंसर्ग, गाठी ही कारणे काडी असलेल्या बाईलाही असू शकतात आणि तपासल्याशिवाय ती कळत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अंगावरून जाते म्हणून कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणाले तर तेवढ्यावर होकार देऊ नका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. काडीमुळे जाणारे रक्त काडी काढली की थांबते. त्यासाठी पिशवी जाण्याचे कारण नाही.

आणि काडी काढायचीच असेल तर ती केव्हाही काढून मिळाली पाहिजे. तीन वर्षे पुरी करा, असा हट्ट कुणी धरू नये. मात्र ती काढण्याचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडेच जा आणि दुसरे साधन त्याच दिवशी ठरवा.

त्या सुनेचे पुढे काय झाले? गरोदरपणाची तपासणी केली, ती नव्हती. आतून तपासले, दोष नव्हता. हिमोग्लोबिन ९ होते, लोह सुरू केले. मग सासूबाईंना समोर बसवले आणि विचारले, "आजी, बारा दिवस डाग पडणे वाईट, की एवढ्यात तिसरे सिझर वाईट?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलंच नाही हो."

परवा सून एकटीच आली. कॅलेंडरवर या महिन्यात चार फुल्या आणि सहा टिंबे होती. काडी ठेवायची, असे तिने ठरवले आहे. आणि डाग पडले तरी चुलीपाशी जायचे, हे सासूबाईंनी.