आधी तोंड उघडून पाहा

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा; हालचाल जाणवते तो जबड्याचा सांधा. तिथे कळ आली की दाताला दोष दिला जातो, पण दुखणं बऱ्याचदा चावण्याच्या स्नायूंचं असतं. म्हणूनच हाताचे उपचार लागू पडतात. जबड्याच्या जुनाट दुखण्याबाबत ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ साली छापलेल्या मार्गदर्शक सूचनांत सांधा हाताने मोकळा करणं, स्नायूंतल्या गाठी दाबणं, देखरेखीखालचे व्यायाम यांची ठाम शिफारस आहे, चिनी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांची मात्र सौम्य. सुईचा गुण निव्वळ विश्वासाचा, हा आक्षेप अर्धा खरा: खोट्या सुईनेही काहींना बरं वाटतं. पण त्याने बोटांचं काम खोटं ठरत नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी पुढे ही सुईची विद्या भारतात आणली. बुलढाण्यात मात्र सुईआधी खर्ऱ्याची चौकशी हवी. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाचं अस्तर आतून ताठरतं, तोंड उघडेनासं होतं, आणि तो सांध्याचा आजार समजून चोळत बसण्यात मोलाचा वेळ जातो. पुढे कर्करोगाची भीती असते. चिखली असो की मेहकर, उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील तर आधी दंतवैद्य गाठा.