भिंतींची भाषा

भिंत मुळात आडोशासाठी उभारली जाते. परंतु नगरजीवनात तिच्याकडे आणखी एक कार्य येते. रस्त्याकडे असलेली तिची बाजू हा लेखनाचा पृष्ठभाग होऊन बसतो. वृत्तपत्र काढावयाचे तर भांडवल हवे, छापखाना हवा आणि अंक विकत घेणारा वाचकही हवा. भिंतीला यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते. म्हणूनच ज्यांना वृत्तपत्रात स्थान मिळत नाही, त्यांचे म्हणणे पुष्कळदा भिंतीवर आढळते. परदेशी अभ्याससहलीस जाणारे विद्यार्थी आता संग्रहालयांबरोबरच रस्त्यांवरील चित्रे, भित्तिपत्रके आणि दिव्यांच्या खांबांवर डकवलेले राजकीय स्टिकर यांचीही टिपणे घेतात, ते याच कारणामुळे. मात्र भिंत वाचावयाची तर दृष्टीला सवय लागावी लागते, आणि ही सवय परक्या नगरात जाण्यापूर्वी स्वतःच्या वस्तीतच लावून घेणे श्रेयस्कर होय.

उदाहरणादाखल जबलपूर नगराच्या अधारताल या भागाचा विचार करता येईल. जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाची स्थापना १९६४ मध्ये झाली व त्याचा परिसर याच भागात आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचा राबता येथे नित्याचा आहे. गोंडवनाच्या राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह कायस्थ याने बांधविलेल्या तलावावरून या भागास हे नाव पडले, असे परंपरा सांगते. राणीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि मंत्र्याचा अधारताल अशी ही नावांची मालिका आहे. राणीला १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मृत्यू आला. नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. सार्वजनिक जागेवर आपली खूण उमटविण्याची प्रेरणा किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येते. राजसत्तेने ती खूण तलावाच्या रूपाने उमटविली. ज्याच्यापाशी सत्ता नाही, तो ती गेरूने किंवा कागदाच्या चिठ्ठीने उमटवितो.

अशा खुणेचा अर्थ ती कोणत्या जागी आहे यावर अवलंबून असतो, हे जबलपूरच्याच इतिहासातून स्पष्ट होते. १९२३ च्या मार्च महिन्यात येथील टाऊन हॉलवर राष्ट्रध्वज लावण्याच्या प्रश्नावरून संघर्ष झाला. पुढे हे आंदोलन नागपूरला गेले आणि १ मेपासून ऑगस्टपर्यंत तेथे झेंडा सत्याग्रह चालला. वस्तू म्हणून पाहिले तर तो कापडाचा तुकडाच होता. तो घराच्या आत ठेवला असता, तर कदाचित कोणाचे लक्षही गेले नसते. परंतु शासनसंस्थेच्या इमारतीवर तो फडकताच ही इमारत कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. राजकीय स्टिकरचे तत्त्वही याहून निराळे नाही. त्यावर काय लिहिले आहे याइतकेच तो कोठे चिकटविला आहे, हेही महत्त्वाचे असते.

१९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. निर्वाचित अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने आजारी होते. त्यामुळे बावन्नाव्या अधिवेशनाच्या निमित्ताने काढलेल्या बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत त्यांची प्रतिमा नेण्यात आली. देहाने अनुपस्थित असलेला नेता चित्राच्या रूपाने रस्त्यावर उपस्थित झाला. आदल्या वर्षी हरिपुरा येथील अधिवेशनासाठी गांधीजींच्या सूचनेवरून नंदलाल बोस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सुमारे चारशे फलकचित्रे केली होती. त्यांपैकी ऐंशीहून अधिक स्वतः नंदलालांच्या हातची होती. ढोलकी वाजविणारा, सुतार, पिंजारी असे श्रमजीवी लोक हे त्या चित्रांचे विषय. ही चित्रे दालनात न ठेवता, येणाऱ्याजाणाऱ्या ग्रामस्थांच्या दृष्टीस पडतील अशी उघड्यावर लावली होती. त्यांत घोषवाक्य नव्हते. तथापि राष्ट्र म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रांनी दिले.

नंदलालांचे शिष्य व्यौहार राममनोहर सिंह हे जबलपूरचेच. संविधानाच्या हस्तलिखितातील उद्देशिकेचे पान त्यांनी अलंकृत केले, आणि जबलपूरच्या शहीद स्मारकातील स्वातंत्र्यलढ्याची भित्तिचित्रेही त्यांच्या हातची आहेत. अशी चित्रे मान्यतेने काढली जातात, त्यांना छप्पर असते आणि ती टिकावीत अशी समाजाची इच्छा असते. रस्त्यावरील भित्तिपत्रकाला यांपैकी काहीच लाभत नाही. खळ लावून डकवलेला कागद पहिल्या पावसातच सोलवटतो, किंवा त्यावर दुसरा कागद येतो. या दोन टोकांमधील अंतर समजून घेणे हाच या अभ्यासाचा आरंभ होय.

परदेशातील उदाहरणे या पार्श्वभूमीवर अधिक चांगली उमगतात. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसमधील ललितकला विद्यालय विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले आणि तेथे लोककार्यशाळा सुरू केली. रेशमी जाळीच्या साह्याने, बहुधा एकाच रंगात, ते भित्तिपत्रके छापीत. कोणते चित्र छापावयाचे हे सभेत ठरे व चित्रावर कोणाचीही सही नसे. ही पत्रके शोभेसाठी वापरू नयेत व कलावस्तू मानू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. आज ती संग्रहालयांत जपली जातात, हा काळाचा उपरोध म्हणावा लागेल. स्टिकरचा इतिहास आणखी वेगळा आहे. मागे डिंक असलेली, साच्यात कापलेली चिठ्ठी अमेरिकेत स्टँटन ॲव्हरी यांनी १९३५ मध्ये व्यापारासाठी तयार केली. मालावर किंमत लावण्याचे हे साधन पुढे राजकारणाच्या हाती आले. १९७५ मध्ये डेन्मार्कच्या ॲन लुंड या कार्यकर्तीने अणुवीज-विरोधी चळवळीसाठी हसऱ्या सूर्याचे चिन्ह रेखाटले. ते अनेक भाषांत छापले जाऊन देशोदेशी पसरले. खळीचा डबा व कुंचला घेऊन उभ्या राहणाऱ्यास वेळ लागतो; स्टिकर लावण्यास क्षण पुरतो. त्याचे सामर्थ्य या वेगात व लहान आकारात आहे.

येथे एका अवघड प्रश्नास सामोरे जावे लागते. भिंत कोणाच्या तरी मालकीची असते. मध्य प्रदेशात १९९४ च्या संपत्ती विरूपण निवारण अधिनियमाने सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या मालमत्तेवर शाई, खडू वा रंगाने लिहिणे दंडनीय ठरविले. मालकाचे किंवा भोगवटादाराचे नाव व पत्ता एवढाच त्यास अपवाद. निवडणुकीच्या पत्रकांबाबत लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२७-क आणखी एक अट घालते: मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते पत्रकावर असलेच पाहिजेत. गृहस्थाने दिवाळीपूर्वी चुना दिलेली भिंत दुसऱ्याने एका रात्रीत रंगवावी, हे कोणालाच न्याय्य वाटणार नाही. निनावी पत्रकातून खोटा प्रचार होऊ शकतो, हेही खरे. परंतु निनावीपणाचा आश्रय कधी कधी दुर्बलाच्या रक्षणासाठीही घेतला जातो, आणि स्वच्छ केलेल्या भिंतीबरोबर एखाद्या गटाच्या म्हणण्याचा एकमेव पुरावाही पुसला जातो. नोंद घेणाऱ्याचे कार्य याच ठिकाणी सुरू होते. भिंतीचे समर्थन करणे किंवा तिला दोष देणे हे त्याचे काम नव्हे. जे दिसले ते पुसले जाण्यापूर्वी टिपून ठेवणे हे त्याचे काम.

ही नोंद कशी असावी? प्रथम स्थान व दिनांक लिहावा. नंतर साधन नोंदवावे: गेरू, तैलरंग, साचा, छापील कागद की स्टिकर. भाषा व लिपी कोणती, मजकूर चालणाऱ्याच्या दृष्टीच्या उंचीवर आहे की वाहनातून दिसेल इतका मोठा, हे पाहावे. कारण त्यावरून तो कोणासाठी आहे हे कळते. खालचे थर ध्यानपूर्वक पाहावेत. खोडलेले नाव आणि त्यावर लिहिलेले उत्तर मिळून एक संवाद होतो. त्यातील एकच वाक्य उचलले तर अर्थाचा विपर्यास होतो. तीच भिंत काही दिवसांनी पुन्हा पाहावी. छायाचित्र घेताना लिहिणाऱ्या व्यक्तीचा चेहरा टाळावा, आणि स्टिकर कधीही सोलून आणू नये. वहीत चिकटविलेला स्टिकर सुरक्षित राहील. परंतु ज्या खांबामुळे त्याला अर्थ होता, तो खांब वहीत येत नाही.

या रीतीने अधारतालमधील एक रस्ता ज्याने वाचला, त्याला परक्या नगरातील भाषा अपरिचित असली तरी भिंतीस कोणते प्रश्न विचारावयाचे, हे ठाऊक असते. ज्याने घरचा रस्ता कधी वाचलाच नाही, तो परदेशातून केवळ रंगीत छायाचित्रे घेऊन परततो.