नगरच्या वेशी आणि पेठा

२०२४ मध्यें अहमदनगरचें अहिल्यानगर झालें; जुने लोक मात्र नुसतें ‘नगर’ म्हणतात. हें नांव उच्चारतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें किल्ला उभा राहतो. १५९५-९६ मध्यें चांदबिबीनें तो मोगलांविरुद्ध लढविला. १९४४ मध्यें पंडित नेहरूंनीं बंदिवासांत ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ तेथेंच लिहिला. परंतु किल्ला म्हणजे शहर नव्हे. तो गांवकुसाबाहेर, पूर्वेस उभा आहे. जुनें शहर पाहावयाचें तर माळीवाडा वेशींतून आंत शिरावें आणि दिल्ली दरवाजापर्यंत पायीं जावें.

मलिक अहमद निजामशाहानें १४९० मध्यें भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला आणि १४९४ मध्यें सीनेच्या कांठीं आपली राजधानी वसविली. राजधानीला भाजीपाला हवा, तेल हवें, कापड हवें, तोफाहि हव्यात. माळीवाडा, तेलीखुंट, डाळमंडई, कापडबाजार, तोफखाना हीं नांवें एकाच काळचीं नसतील. तरी शहर कशावर जगत आलें, हें त्यांवरून कळतें. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्यें नगरलाच ओतली गेली.

एवढ्या वस्तीची तहान एकट्या सीनेवर भागणारी नव्हती. म्हणून कापूरवाडीसारख्या आसपासच्या उंच गांवांतून जमिनीखालून खापरी नळ घालून केवळ उताराच्या बळावर पाणी शहरांत आणलें. पुढें याच राज्याचा वजीर मलिक अंबर यानें खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें असेंच नहरीचें पाणी खेळविलें.

या वैभवापैकीं दमडी मशीद, सलाबतखानाची कबर अशा इमारतींचें रक्षण पुरातत्त्व खातें करतें. नांदत्या पेठेला मात्र खात्याचें कुंपण घालतां येत नाहीं. तींत माणसें राहतात, घरें पडतात, नवीं उठतात. तट बहुतेक गेला; कांहीं वेशी केवळ नांवापुरत्या उरल्या. जमिनींतील खापरी नळ तर कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं, आणि पाया खणतांना कुदळीचा एक घाव त्याला पुरेसा होतो.

म्हणून नगरकरांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, आपल्या गल्लीचें नांव कशावरून पडलें हें घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावें; आणि खणतांना खापरीचा तुकडा हातीं लागला, तर तो फेंकण्यापूर्वीं शहरांतील वस्तुसंग्रहालयांतील जाणकारास दाखवावा.